विषय क्रमांक सहा

विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या बैठकीत सचिव म्हणून माझ्यासमोर एक साधा कागद असतो. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता बाहेर गेलं, एवढीच त्यावर नोंद. त्या दिवशी सगळं प्रकरण त्या कागदावर येऊन अडलं.

मंडळाची मंजूर सदस्यसंख्या १५. दोन जागा नेमणुकीअभावी कित्येक महिने रिकाम्या. पण आमच्या नियमावलीत गणसंख्या, म्हणजे निर्णयासाठी लागणारी किमान हजेरी, मंजूर जागांवर मोजतात, भरलेल्या जागांवर नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त, आठ हवेत. हजर होते बरोबर आठ. विषय सहा होता नव्या वसतिगृहासाठी कर्ज काढण्याचा आणि बांधकामाची निविदा स्वीकारण्याचा.

सुरुवातीलाच अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणत्या विषयात कुणाचा हितसंबंध आहे का? एका सदस्यांनी हात वर केला. देखरेखीचं काम ज्या सल्लागारांकडे जाणार होतं, त्यांच्यात त्यांचे मेहुणे भागीदार होते. त्यांनी हे आपणहून सांगितलं याचं मोल मोठं आहे. ‘मला थेट काही मिळत नाही ना’ असं म्हणून गप्प राहणं फार सोपं असतं.

असा सदस्य त्या विषयापुरता खोलीबाहेर जातो आणि गणसंख्येतही धरला जात नाही. उरले सात.

“नुसतं बसू द्या त्यांना, मत देणार नाहीत,” अध्यक्ष म्हणाले.

“सर,” मी म्हणाले, “ते बसले तरी या विषयाला आपण सातच. ठरावाची प्रमाणित प्रत बँकेचे वकील मागतील, तेव्हा हजेरीही तपासतील.”

मग वाटा शोधणं सुरू झालं. फिरत्या ठरावातून, म्हणजे बैठक न घेता कागद फिरवून सदस्यांच्या सह्या घेण्याच्या पद्धतीतून, कर्ज, जमीन आणि अंदाजपत्रक हे विषय आमच्याकडे वगळलेले आहेत. कुलगुरूंचा तातडीचा अधिकार आग, पूर, न्यायालयाने दिलेली मुदत अशा प्रसंगांसाठी असतो. आपल्याच नियोजनातली ढिलाई म्हणजे तातडी नव्हे. एकाने सुचवलं, गैरहजर सदस्यांना फोन लावून होकार घेऊ. याला माझा सर्वांत जास्त विरोध होता. बैठकीबाहेर एकट्या सदस्याला कसलाच अधिकार नसतो. अधिकार असतो तो एकत्र बसून विचार करणाऱ्या मंडळाला. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळाने जून २०१२ मध्ये हेच तत्त्व सोडलं. सदस्यांशी वेगवेगळं बोलून, पूर्ण बैठकीत चर्चा न होताच, विद्यापीठाच्या अध्यक्ष (आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं पद) टेरेसा सलिव्हन यांना राजीनामा द्यायला लावला. १० जूनला राजीनामा जाहीर झाला आणि २६ जूनला त्याच मंडळाला त्यांना एकमताने परत घ्यावं लागलं. डिसेंबरात मानांकन संस्थेने विद्यापीठाला इशारा दिला तो याच कारभारावरून.

शेवटी विषय स्थगित झाला. निविदांची वैधता ११ दिवसांत संपत होती, म्हणून त्याच दुपारी सगळ्या निविदाकारांना दर न बदलता ३० दिवसांच्या मुदतवाढीची लेखी विनंती गेली. सगळ्यांना, फक्त सर्वांत कमी दरवाल्याला नाही. जो नकार देईल त्याची अनामत जप्त न करता परत करायची, हेही पत्रात लिहिलं. सात दिवसांच्या सूचनेने विशेष बैठक ठरली.

मधल्या दिवसांत वित्त समितीच्या अध्यक्षांनी टिपणीतली एक ओळ पकडली: ‘वसतिगृह ९५ टक्के भरेल.’ आधीच्या बैठकीत मंडळाने दर्शनी भिंतीच्या रंगावर पाऊण तास घालवला होता, या ओळीवर एक मिनिटही नाही. भिंतीचा रंग अभियंता विभागाने ठरवावा. संस्थेला कर्ज पेलेल का, हे मात्र मंडळाशिवाय दुसरं कुणी विचारत नाही. त्यांनी हिशेब साधा मांडला. वसतिगृह पूर्ण भरलं तर उत्पन्न १०० धरा, चालवण्याचा ठरलेला खर्च ४५, वार्षिक हप्ता ४०. ९५ टक्के भरलं तर हप्ता भागून वर १० उरतात. ८५ टक्क्यांना हातात काहीच राहत नाही. ८० टक्क्यांना ५ ची तूट, आणि ती भरायची कुठून? शिक्षणाच्या खर्चातून. जुनी वसतिगृहं गेली तीन वर्षं ८० ते ८८ टक्क्यांच्या दरम्यान भरत होती.

विशेष बैठकीला हितसंबंध जाहीर केलेले ते सदस्य सोडून दहा जण आले. काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं: आधी निम्म्या खोल्या आणि तेवढंच कर्ज, सलग दोन वर्षं ९० टक्क्यांवर भरल्या तरच दुसरा टप्पा मंडळापुढे येईल. निविदेतली व्याप्ती बदलल्यामुळे जुन्या दरांवर काम देता येत नव्हतं, निविदा नव्याने काढावी लागली. चार महिने गेले. कुलगुरू नाराज होते, आणि त्यांची नाराजी मला समजत होती. मुलं खोल्यांची वाट पाहत होती.

पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं: ‘१२ वाजून १० मिनिटांनी सदर सदस्य हितसंबंध जाहीर करून सभागृहाबाहेर गेले. उपस्थित सात. गणसंख्येअभावी विषय स्थगित.’ आता कार्यसूचीसोबत एक फॉर्म जातो. येणार का आणि कोणत्या विषयात हितसंबंध आहे, ही दोन्ही उत्तरं बैठकीच्या पाच दिवस आधी यावी लागतात, आणि प्रत्येक विषयापुढे मी पेन्सिलीने आकडा मांडते.