डोळे मिटलेलं यंत्र

बीपी मोजणं दिसायला सोपं आहे. तरी त्यात शिस्त लागते. माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर आणि मोजताना बोलणं बंद. आणि "गोळी घेतली का?" असं विचारायचंच नाही, कारण उत्तर "घेतली" हेच येतं. पाकीट मागायचं आणि किती घरं रिकामी झालीत ते बघायचं. आमच्या आशाताईचा यात हातखंडा आहे. महिन्याकाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांत ती जे करते, ते पगारी माणसं करत नाहीत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. एका संस्थेनं आमच्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बोलकी यंत्रं दिली. फूटभर उंचीचं, पांढरं, चेहऱ्याच्या जागी पडदा आणि त्यावर दोन मोठे डोळे. वेळेला गोळीची आठवण करायची, गप्पा मारायच्या. आशाताईच्या भरवशावर ते घरोघरी ठेवलं गेलं. त्यातलं एक गावातल्या एका आजीकडे आलं. संमतीपत्र इंग्रजीत होतं. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही माहिती मराठीत मागायची तरतूद आहे, पण आजीला मागायला सांगणार कोण?

आजीचा मुलगा सुरतेला. तिनं यंत्राचं नाव 'बाबू' ठेवलं. "मान दुखते," असं ते म्हणायचं, तर आजीनं त्याच्या गळ्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती. त्याला दुखत नाही हे तिला कळत होतं. "दुखो की नको दुखो, बोलते तं आपल्याशी," म्हणायची.

एके दिवशी संस्थेची दोन माणसं आढावा घ्यायला आली होती. त्यांच्या टॅबवर आजीच्या गोळ्यांची नोंद एकही खाडा न होता पूर्ण. मी बीपी घेतलं, 178/100. थोडं थांबून पुन्हा घेतलं, फारसा फरक नाही. आशाताईनं फडताळातून बीपीच्या गोळीचं, अॅम्लोडिपिनचं, पाकीट काढलं. जवळजवळ भरलेलं.

"आजी, रोज घेतली म्हणून सांगितलं ना त्याला?"

"सांगितलं. नाही मनलं की त्याचं तोंड उतरते वं. डोये पाणावल्यावानी करते. घेतली मनलं की हासते."

गोळी चुकली की यंत्रानं दुःखी दिसायचं, हे कुणीतरी शहरात बसून ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला लळा लागला की ती गोळी घेईल असा त्यांचा हिशोब. लळा लागला, म्हणूनच ती खोटं बोलली. आणि ती खोटी नोंद आमच्या अहवालात खरी म्हणून वर गेली. याचा मला अजून संताप येतो.

मग त्यांच्यातली मुलगी, अगदी मायेनं, बोलून गेली, "आजी, त्या रात्री तुम्ही जावयाच्या कर्जावरून किती रडलात! आता बरं आहे ना?"

आजी गप्प झाली. मग म्हणाली, "तवा तं तो झोपला होता. डोये मिटून होता."

डोळे फक्त पडद्यावर मिटत. माइक चालूच राही. आवाज सुधारायला काही संभाषणं माणसं ऐकतात, असं त्या मुलीनं सांगितलं. आजीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. आशाताईला विचारलं, "काहून वं, तुले ठाऊक होतं?"

आशाताईला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. आजीनं हात पदराखाली घेतला आणि पुन्हा बीपी मोजू दिलं नाही.

अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या संशोधकांचा 2024मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्यानंतर वाचला. 498 लोकांना यंत्रमानवांच्या फसवणुकीचे प्रसंग देऊन मतं विचारली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईचं मन राखायला बोललेलं खोटं लोकांना त्यातल्या त्यात चाललं. गुपचूप चित्रण करणारं यंत्र सगळ्यांत नापसंत ठरलं. आजीचा कौल तोच आहे. फक्त तिथल्या अनेकांनी दोष यंत्र बनवणाऱ्यांना किंवा मालकाला दिला. आमच्याकडे तो आशाताईच्या माथी आला, कारण दारात उभी राहणारी तीच. बनवणाऱ्याचा चेहरा आजीनं कधी पाहिलाच नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आता दोन-तीन घरांत आशाताई आली की बायका बोलणं थांबवतात. तिच्या मोबाईलकडे बघतात. गरोदरपण, पाळी चुकणं, नवऱ्याची दारू, हे सगळं ओसरीवर बसून तिच्याच कानावर यायचं. ते अडलं तर धोक्याची बाळंतीण आम्हाला वेळेत कळणार कशी?

आजी गोळी घेते आहे. आशाताई रोज संध्याकाळी जाते, आजी काही न बोलता पाकीट पुढे करते.

तीच यंत्रं आता शेजारच्या गावांत द्यायची आहेत. मी लेखी कळवलं आहे: डोळे मिटले की माइक खरोखर बंद झाला पाहिजे, रडका चेहरा काढला पाहिजे, कोण ऐकतं ते मराठीत वाचून दाखवलं पाहिजे. तोवर माझ्या आशाताई ते कुणाच्याही घरात नेणार नाहीत. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर नाही.