सुटलेले हात

काल रात्री इन्क्युबेटरमधून डिश काढली आणि मायक्रोस्कोपखाली बघतच राहिले. एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी. आदल्या दिवशी फरशीसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून होत्या. एचजीएफ, म्हणजे पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन, घातल्यावर लांबट होऊन पार पांगल्या.

त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन, ई-कॅडहेरिन, पेशी उगाच मोडत नाही. आतून पी-१२० कॅटेनिन हे दुसरं प्रथिन त्याची राखण करतं. पण कॅडहेरिनमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढलं की हकाई नावाचं एन्झाइम येतं, त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची 'हे मोडा' अशी खूण लावतं. मग कॅडहेरिन आत ओढलं जातं आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरा मोडणाऱ्या पिशवीत, त्याचे तुकडे होतात. हकाईचा शोध २००२ मधला; जपानीत अर्थ 'विध्वंस'. मला हे नाव फार कठोर वाटतं. जखम भरतानाही पेशींना पकड सैल करावीच लागते ना!

आज क्लोरोक्विन हे औषध घालून लायसोसोम अडवलंय. संध्याकाळी ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, कॅडहेरिनचा पट्टा परत दिसतोय का, तेवढ्यात जीव अडकलाय.