बोटीत बसण्याआधी तळाची फळी उचलायला सांगा

इंदूरहून भेरूघाट उतरलो, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली आणि दुपारी हनुवंतियाला पोहोचलो. तिथल्या इंदिरासागर धरणाच्या जलाशयावरचा सूर्यास्त फार सुंदर, फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. लिहायचं आहे ते परतीच्या वाटेवरच्या एका छोट्या तलावाबद्दल. फायबरची मोटरबोट, मावशी चढायच्या बेतात आणि मागच्या फळीखाली चार बोटं पाणी.

"मावशी, थांब जरा."

"इतना तो रहता ही है," नावाडी म्हणाला.

नाही राहत! फायबरच्या बोटीत पाणी दिसलं की ते कुठून आलं हे शोधायलाच हवं. आधी मागचं बूच बघायचं. त्याचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो. इथे तर वॉशरच्या जागी सुतळी गुंडाळलेली होती. मग मोटरचे बोल्ट. इंजिनच्या थरथरीने त्यांच्याभोवतीचं सीलंट सुटतं. वरून एपॉक्सी पुट्टी थापली तर तीही तडकते. बोल्ट काढून, भोक पूर्ण वाळवून, लवचिक मरीन पॉलियुरेथेन सीलंट भरावं लागतं. गळती सापडतच नसेल तर बोट उतारावर ओढायची, तळात थोडंसंच पाणी ओतायचं आणि बाहेरून ओल फुटेल तिथे खडूने खूण करायची.

"पंप है ना," हे उत्तर तर मला घाबरवतंच. पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला 40 लिटरहून जास्त पाणी आत येतं. पंपावरचा आकडा मोकळ्या प्रवाहाचा असतो. नळीची चढण, वळणं आणि उतरलेली बॅटरी धरली तर तो निम्म्यावरही येतो. पंपाच्या जाळीत पिशवी अडकली की संपलंच. पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडलेला हवा, म्हणजे मेन स्विच बंद असतानाही पंप चालेल. पावसाळ्यात बोटी बांधल्या जागी बुडतात त्या पंप असा जोडलेला नसल्यामुळेच: 6 चौरस मीटर उघड्या जागेत 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 600 किलो पाणी.

आणि हे पाणी एका जागी थांबत नाही. फोटोसाठी सगळे एका बाजूला झुकले की तेही तिकडेच धावतं, बोट आणखी कलते.

आम्ही बसलो नाही. धक्क्यावर लाइफ जॅकेटच्या सक्तीची पाटी होती, ती हवीच. पण बोटीत पाणी उपसायला बादलीसुद्धा नव्हती. दोरी बांधलेली बादली आणि भोकात ठोकायला मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या, एवढं तरी प्रत्येक बोटीत ठेवा हो!