बेलापूरमध्ये उलगडलेला स्पितीचा नकाशा

घडीचे पान न उलगडताच ग्रंथ स्कॅन करणाऱ्या त्या अज्ञात माणसावरचा माझा राग अद्याप पूर्णपणे ओसरलेला नाही. हेन्री ह्यूबर्ट हेडन यांचा स्पितीच्या भूविज्ञानावरील ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची संगणकीय प्रत मला ठाण्यातील घरी बसून मिळाली. मजकूर सगळा होता, परंतु जिथे नकाशा असायला हवा तिथे मिटलेल्या कागदाची वरची घडी आणि तिच्यावरच्या दोन-चार पुसट रेषा एवढेच दिसत होते. मग एका संस्थेत जाऊन मूळ छापील प्रत पाहिली, तर तिच्यातला नकाशा कोणीतरी ब्लेडने कापून नेलेला होता आणि शिवणीला दोन बोटे रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. त्यानंतरचे तीन शनिवार जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेले आणि हाती काहीही लागले नाही.

हा नकाशा मला ट्रायलोबाइटसाठी हवा होता. समुद्रतळाशी राहणारे, कवचाचे आणि शरीराचे उभे तीन भाग असणारे हे प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. आपल्या ठाण्याखालचा काळा कातळ हा लाव्हा आहे, आणि तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे येऊर किंवा पारसिकच्या डोंगरात जन्मभर हिंडले तरी ट्रायलोबाइट मिळणार नाही. त्यासाठी हिमालयात, स्पितीतील पराहिओ नदीच्या खोऱ्यात जावे लागते. हेडन यांनी तिथे थरांचा क्रम लावून त्यांची जाडी नोंदवली आणि जीवाश्म गोळा केले. त्या जीवाश्मांवर जीवाश्मतज्ज्ञ कूपर रीड यांनी १९१० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रीड यांनी त्यात वर्णन केलेली एक लहानशी जात आज ओरिक्टोसेफॅलस इंडिकस या नावाने ओळखली जाते. ती खडकात जिथे प्रथम दिसते, तिथून कँब्रियन या अतिप्राचीन भूवैज्ञानिक काळातील वुलियन हा टप्पा सुरू झाला असे जगभर मानले जाते. त्या टप्प्याची प्रमाण जागा २०१८ मध्ये चीनमधील ग्वेईझोऊ प्रांतात निश्चित झाली. जातीच्या नावात मात्र ‘इंडिकस’ आहे, कारण ती आधी आपल्या स्पितीत सापडली होती. मला ती तिच्या मूळ थरात, तिच्या जागी पाहायची आहे. दगड उचलून आणायचा नाही, छायाचित्र पुरेसे आहे.

एका परिचितांकडून कळले की बेलापूरला राहणाऱ्या एका निवृत्त भूवैज्ञानिकांकडे हेडन यांच्या ग्रंथाची पूर्ण प्रत आहे. फोन केला. ‘पुस्तक घराबाहेर जाणार नाही, पण तुम्ही घरी या,’ असे ते म्हणाले.

रविवारी सकाळी ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावरून पनवेल लोकल पकडली. या मार्गावर रविवारी खिडकी मिळते, एरवी उभे राहायलाही जागा मिळत नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली मागे पडत गेले. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, त्याच्या उतारावर दगडखाणींनी उघडे पाडलेले काळे कडे, आणि माझ्या मांडीवर रीड यांच्या ग्रंथातील चित्रांच्या छापील प्रती, असा तो पाऊण तासाचा प्रवास झाला. तुर्भ्यानंतर गाडी जवळजवळ रिकामी झाली.

काकांचे घर चौथ्या मजल्यावर होते. मी तपशील विचारायला सुरुवात केली तोच काकूंनी कोकम सरबताचा पेला हातात दिला आणि म्हणाल्या, ‘आधी बसा. तो दगड कुठे पळून जात नाही.’ मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, मीठदाणी, वर्तमानपत्र असे सगळे उचलले, टेबल ओल्या फडक्याने पुसले, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसले आणि त्यावर एक धुतलेली चादर अंथरली. हे त्यांनी यापूर्वी अनेकदा केले असावे, असे मला वाटले. काकांनी ग्रंथ आणला आणि शेवटची घडी दोन्ही हातांनी, अगदी सावकाश उलगडायला सुरुवात केली. घडीच्या रेषांवर कागद विरलेला होता आणि त्याला मागून पातळ मलमलीची पट्टी चिकटवलेली होती. मी ज्याच्यासाठी चार महिने वणवण केली, तो नकाशा तासाभराच्या आत माझ्यासमोर पसरलेला होता. त्यावर हात ठेवायलाही मला धजवेना.

पराहिओच्या खोऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक बारीक ठिपका होता. मी त्याच्याकडे पाहते आहे हे ओळखून काका म्हणाले, ‘तो माझा आहे. तरुणपणी गेलो होतो. हेडनसाहेब मजकुरात माओपो पडावासमोरची जागा म्हणतात, पण पडाव म्हणजे काही गाव नव्हे. तिथे शोधायला घर नाही, देऊळ नाही. मी थर मोजत मोजत ती जागा पक्की केली.’

मग तासभर ते थरांविषयी बोलले. खाली घरंगळलेल्या दगडात सुंदर ट्रायलोबाइट मिळाला तरी तो नेमक्या कोणत्या थरातला हे सांगता येत नाही, त्यामुळे त्याची निम्मी किंमत तिथेच जाते. जुने ग्रंथ वाचायचे ते यासाठी, की थराची जाडी, रंग, त्याच्या वरचा आणि खालचा खडक हे सगळे हेडन यांनी लिहून ठेवले आहे आणि ते हातात धरून कड्यासमोर उभे राहता येते. अलीकडच्या अभ्यासकांनीही पराहिओला जाऊन हेडन आणि रीड यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि कित्येक जातींची नावे बदलली. पण त्यांनीही सुरुवात या नोंदींपासूनच केली.

फोटो काढला तर घड्यांपाशी रेषा वाकतात, म्हणून मी ट्रेसिंग पेपर नेला होता. काकांनी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मी गिरवायला बसले. नद्या, ओढे, संगम, थरांच्या सीमा आणि शेवटी तो ठिपका. तीन तास लागले. मध्ये काकूंनी थालीपीठ आणून दिले, तेही टेबलापासून दूर, गॅलरीत बसून खायला लावले, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय परत बसू दिले नाही. एवढ्या काळजीने जपलेली वस्तू त्यांनी एका अनोळखी बाईसमोर दिवसभर उघडी ठेवली, याने माझे मन भरून आले.

परतीच्या लोकलमध्ये गर्दी होती. कागदाची गुंडाळी छातीशी उभी धरून मी ठाण्यापर्यंत उभीच आले.

त्याच रात्री उपग्रहाच्या छायाचित्राची त्याच प्रमाणात छापलेली प्रत खाली ठेवून वर ट्रेसिंग पसरला. सगनम गावाजवळचा पिन आणि पराहिओ या नद्यांचा संगम जुळवला, नदीची दोन वळणे जुळवली. ठिपका माझ्या अंदाजाच्या जागेवर नव्हता; तो बराच खाली, संगमाच्या बाजूला पडला. काकांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, ‘जुलैत जाल तर नदी पहाटे ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढते, आणि मग पलीकडेच रात्र काढावी लागते.’