वीस काळे, शंभर लाल

कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना मी संख्याशास्त्र शिकवते. राधानगरी, कागल, शिरोळकडून एसटीने येणाऱ्या या मुली वॉर्डात तयार असतात, सलाईन लावताना हात थरथरत नाही. पण फळ्यावर टक्केवारी आली की वर्ग गप्प होतो. आमची पुस्तकं सुरू होतात सरासरी, मध्यक, बहुलकापासून, आणि त्यातले आकडे कुणाचे असतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. मुली घाबरतात त्या गणितापेक्षा या निर्जीवपणाला, असं माझं मत आहे.

जुलैतली गोष्ट. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, त्यामुळे निम्मी बाकं रिकामी. मी प्रमाण विचलन घेणार होते. तेवढ्यात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पोस्टिंग करून आलेली एक मुलगी उठली.

"मॅडम, एक गरोदर बाई आल्या होत्या. गावात बोटातलं रक्त घेऊन केलेली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लागण दाखवणारी, आली होती. इथं परत वेगवेगळ्या किटनी तपासायचं म्हणतात. किट जर नव्याण्णव टक्के बरोबर असतं, तर आजार नव्याण्णव टक्के आहेच की. मग त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

नाव-गाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यातली गोपनीयता मुलींना पहिल्याच दिवशी शिकवलेली असते.

तिचं म्हणणं किती जणींना पटतंय, असं विचारलं तर जवळजवळ सगळे हात वर. प्रमाण विचलन बाजूला ठेवलं आणि ग्राफ पेपर काढायला सांगितला.

दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद चौकट आखा. आत मिलिमीटरचे बरोबर 10,000 बारके चौकोन. एकेक चौकोन म्हणजे एकेक माणूस. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे, म्हणजे दहा हजारांत वीस. वीस चौकोन काळे करा. चाचणी या सगळ्या विसांना पकडते असं धरू. उरले 9,980, ज्यांना लागण नाही. किट नव्याण्णव टक्के बरोबर, म्हणजे लागण नसलेल्या शंभरांत एकाला ते चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवणार. असे किती?

"शंभरेक," मागून आवाज आला.

लाल पेनानं शंभर चौकोन रंगवा. एक अख्खा चौरस सेंटिमीटर लाल झाला, आणि त्याच्या कडेला काळ्या चौकोनांची छोटीशी पट्टी. वर्गात कुजबुज सुरू झाली. रिअ‍ॅक्टिव्ह आलेले एकूण 120, त्यात खरी लागण वीस जणांना. सहांत एक!

"पण मग नव्याण्णव टक्के गेले कुठं?" ती मुलगी कागदावरून नजर न काढता म्हणाली. ते कुठेच गेले नव्हते. किट तितकंच चांगलं होतं. लागण नसलेली माणसं इतकी जास्त होती की त्यांच्यातली एक टक्का चूकसुद्धा खऱ्या रुग्णांच्या पाचपट भरली.

मग दुसरी चाचणी घेतली, वेगळ्या किटची. लाल शंभरातला एखादाच टिकला, काळे वीसच्या वीस राहिले. तिसरीनंतर लाल जवळजवळ संपले. खिडकीजवळची एक अबोल मुलगी म्हणाली, "म्हणून किट वेगळं लागतं. त्याच किटनं परत केली तर ज्या कारणानं पहिल्यांदा चुकलं, त्याच कारणानं परत चुकेल." चाचण्यांची स्वतंत्रता मी पुढच्या महिन्यात शिकवणार होते. ती तिनं स्वतः शोधून काढली. इतका आनंद मला शिकवताना क्वचित झाला आहे.

लक्षणं घेऊन आलेल्यांत प्रमाण दहा टक्के धरलं तर? पुन्हा कागद: खरे 1,000, खोटे 90. आता तोच रिअ‍ॅक्टिव्ह निकाल दहांत नऊ वेळा खरा. लक्षणं असलेल्या रुग्णाला दोन चाचण्या आणि नसलेल्याला तीन, हा आपल्याकडचा नियम मुलींना पाठ होता. त्यामागचं कारण त्या दिवशी कागदावर दिसलं.

"मग त्या बाईंना मी काय सांगू?"

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. एकीनं सुचवलं, "काही नाही हो, भिऊ नका." दुसरीनं लगेच अडवलं, "सहांत एक खरी असते, खोटा धीर कसा देणार?" खरी असेल तर उशीरही परवडत नाही. उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के, वेळेत औषधं मिळाली तर पाच टक्क्यांच्या आत. खोडत, जोडत फळ्यावर वाक्य तयार झालं: "ताई, या चाचणीनं अजून काही ठरलेलं नाही. अशा निकालातले बरेचसे पुढच्या तपासणीत निघून जातात, पण सगळे नाही. म्हणून पुढची तपासणी आजच करून घेऊ, आणि काही निघालंच तर बाळाला जपायला चांगली औषधं आहेत."

ती मुलगी दुपारी पुन्हा पोस्टिंगला गेली. नंतर तिनं काही सांगितलं नाही, ते योग्यच होतं.

आता वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मी ग्राफ पेपर, काळं पेन आणि लाल पेन आणायला सांगते. सरासरी आणि मध्यक त्यानंतर येतात.