माझा 10 मिलिसेकंदांचा पल्सर

आमचं घर नारायणगावजवळ, त्यामुळे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) डिश मी लहानपणापासून टोमॅटोच्या वावरातून बघत आलेय, म्हणजे दुर्बीण कशी असते विचारलं तर माझ्या डोळ्यासमोर नळी नाही तर 45 मीटर व्यासाची तारेची जाळी यायची. अशा 30 डिश आहेत, 14 मधोमध, एका किलोमीटरच्या आसपास आणि बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या, पार 25 किलोमीटरपर्यंत. 28 फेब्रुवारीला सायन्स डेला आत सोडायचे तेव्हा शाळेतून दरवर्षी जायचो (खरं तर भेळेसाठी).

आता पुण्यात पीएचडी करतेय आणि गावाकडच्या पोरापोरींचे मेसेज येतात, ताई अ‍ॅस्ट्रॉनॉमर कसं व्हायचं. रस्ता तसा सरळ आहे, बीएस्सी फिजिक्स, एमएस्सी, मग पीएचडीसाठी जेस्टसारखी प्रवेश परीक्षा आणि इंटरव्ह्यू, इंजिनिअरिंग करूनही लोक येतात. फेलोशिप सध्या पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, नंतर 42. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची दोन-तीन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं, आज इथे उद्या तिसऱ्याच देशात, आणि पर्मनंट जागा मोजक्याच. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नंतर फार जड जातं.

पण दिवसभर करता काय, हे कुणी विचारत नाही. मी पल्सर शोधते, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गोळा, तो प्रत्येक फेरीला एक ठोका देतो. पहिल्याच वर्षी मला बरोब्बर 10 मिलिसेकंदांचा एक ठोका सापडला, काय तो सुंदर प्लॉट, रात्रभर झोप नाही, सकाळी धावत गाईडकडे. मॅडमनी चहाचा कप खाली पण ठेवला नाही. "अगं, डिस्पर्शन बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. ताऱ्याकडून येणारा सिग्नल वाटेतल्या इलेक्ट्रॉन्समधून येतो त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीचा भाग उशिरा पोचतो, माझा सगळा एकदमच पोचलेला, म्हणजे इथलाच, जमिनीवरचा. आपली वीज 50 हर्ट्झची, तारेवर कुठे ठिणगी उडत असेल तर ती सेकंदाला 100 वेळा उडते. झाला की 10 मिलिसेकंदांचा पल्सर!

आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आपल्याच मोटरीच्या लाईनची आसंल, पण मग टोमॅटोला पाणी द्यायचं नाय का?"

तेव्हापासून निम्मा वेळ असला कचरा काढण्यातच जातो, आम्ही त्याला फ्लॅगिंग म्हणतो. पायथन, लिनक्स आणि काळ्या स्क्रीनकडे बघत बसणं. आकाश बघायचं असेल तर मी अजूनही गावी जाऊन गच्चीवर झोपते, पण पुण्यात परत आले की पहिला लॅपटॉप उघडते कारण रात्री लावलेला सर्च तोवर संपलेला असतो, आणि यादीत 10 मिलिसेकंद दिसलं की न बघता खोडते.