राज्य माझ्यावर आलंच नाही

परत आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ती इतकी फालतू आहे की ह्यांना सांगायचीही लाज वाटते. वन्संना सांगायची तर सोयच नाही. त्या आधीच म्हणून बसल्यात, एवढ्या पैशात घरावर एक खोली चढली असती. जाऊ दे.

मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली कॉलनीतली पोरं धाकट्याभोवती जमली होती. जहाजात पोहायचा तलाव होता का, कॅप्टन दिसला का, शार्क आला का. धाकटा म्हणाला, "तिथं खेळायला कुणीच नव्हतं. मग आईला घ्यावं लागायचं." कुणीतरी विचारलं, काकू खेळतात? तर हा म्हणतो, "ती कच्चं लिंबू होती."

मी! चाळिशी उलटलेली बाई! आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

जहाजावर रोज संध्याकाळी वरच्या डेकवर आमची लपाछपी चालायची. एकदाही माझ्यावर राज्य आलं नाही. मला वाटायचं, अजून आहे बरं का आपल्यात काहीतरी. ह्यांना सांगितलंही होतं, "शाळेत खो-खोच्या संघात होते मी, उगं नाही." ह्यांनी मान डोलावली होती. ह्यांनाही ठाऊक होतं की काय?

लेकरांना शाळा बुडवून नेलं होतं, म्हणून जहाजावर लेकरं नव्हती, इतकं सरळ आहे ते. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असल्या सफरी नसतात. दिवाळी-नाताळात दर परवडत नाहीत, मे महिन्यात ह्यांना रजा मिळत नाही. उरला फेब्रुवारीतला मधला आठवडा. त्या आठवड्यात कोण फिरतं? कुठल्याशा कंपनीने बक्षीस म्हणून पाठवलेले डीलर, हातावरची मेंदी न उतरलेली जोडपी आणि सुरत-राजकोटकडची निवृत्त मंडळी, खाकऱ्याचे डबे सोबत घेऊन.

पहिल्याच दिवशी अंदाज आला होता. लातूरची रात्रीची गाडी सकाळी सीएसएमटीला पोचली, तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीत बसेपर्यंत आलं. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना गोळा करून सुरक्षेची कवायत घेतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर दोन वर्षांत जगभराचा करार झाला, तिथपासूनचे हे नियम, असं हे सांगत होते. लहान मुलांची जॅकेटं वेगळी असतात, म्हणून तिथल्या माणसाने विचारलं, मुलं कुणाबरोबर आहेत? आमच्या घोळक्यात दोनच हात वर झाले, एक माझा, एक ह्यांचा. शेजारच्या आजींनी धाकट्याचा गाल ओढला. पुढे तो गाल रोज ओढला गेला. बिचारा जेवायच्या हॉलमध्ये गालावर हात ठेवूनच शिरायचा.

मुलांसाठी एक खोली होती. रंगीत घसरगुंडी, खडू, व्हिडिओ गेम, आणि सांभाळायला मणिपूरची एक गोड मुलगी. गिऱ्हाईक म्हणजे आमचे दोघे, डायपरमधलं एक बाळ आणि मोबाइलमधून मान वर न काढणारा एक आठवीतला मुलगा. त्या मुलीने दोघांच्या तोंडावर वाघ काढला, पुसला, पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "आई, ती दीदी आम्हाला एकटीच हसवते गं. आम्हाला हसायचा कंटाळा आला." धाकट्याला तर करमतच नव्हतं. तळ्याएवढा टब, हवं तेव्हा आइस्क्रीम, चहूकडे समुद्र, आणि हा विचारतो, आज कॉलनीत क्रिकेट असेल का?

पाण्याचंही लिहायचं होतं. जहाजावर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करतात, चोवीस तास नळाला धार. थोरली पोटात होती त्या एप्रिलमध्ये, २०१६ साली, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी. घागर भरून घेताना अप्पा म्हणाले होते, हे लेकरू पाण्याचं नशीब घेऊन येतंय. आता ते लेकरू शॉवरखाली अर्धा अर्धा तास, आणि मी बाहेरून दार वाजवतेय, नळ बंद कर. समुद्रात बसून नळ बंद कर! सवय आहे, जात नाही.

तर राज्याचं.

आता एकेक आठवतंय. मी खुर्च्यांच्या रांगेमागे बसले होते, ओढणी अर्धी बाहेर लोंबत होती. धाकटा तिच्यावरूनच गेला आणि मोठ्याने म्हणाला, "आई कुठं गेली बरं?" मला वाटलं, काय भोळं आहे हे पोर. एकदा तर मी जिन्याखालून निघाले ती थेट थोरलीला धडकले, समोरासमोर. तिने "इस्टॉप" म्हणायच्या ऐवजी "सॉरी" म्हटलं आणि भावाला शोधायला पळाली. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. रात्री पाय चेपत पडले होते आणि मनात म्हणत होते, आपली लेकरं आपल्याशी किती छान खेळतात, कॉलनीतल्या आयांनी बघावं.

वाईट कशाचं वाटलं, ते मला अजून नीट पकडता येत नाही. घ्यावं लागायचं, याचं? बरं, नव्हतं कुणी, घेतलं आईला, त्यात काय. फसवलं, याचं? तेही नाही. कच्चं लिंबू मीही घेतलेत की लहानपणी, ती खेळताना किती खूश असायची. त्यांनाही कधी कळलं असेल का? कळल्यावर ती काय करायची?

जहाज मुंबईहून पुढे गेलं तशी फोनची रेंज गेली. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. लातूरहून औसा गाठावं एवढंच. तेवढ्यात माणूस हद्दीबाहेर! डीलर लोक पत्त्यांच्या टेबलांकडे वळले, ह्यांना ऑफिसचा फोन येईना म्हणून हे हवेत. आणि मी रोजच्या वेळेला, सवयीने, फोन हातात घेऊन कठड्याशी उभी राहिले. रेंज असती तरी तो नंबर आता... असो.

लक्षद्वीपचं बरं झालं. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती, परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. अगत्तीला मोठं जहाज दूर उभं राहतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. सगळे काचेसारख्या पाण्याचे फोटो काढत होते आणि धाकटा गायब. बघते तर नारळीखाली तिथल्याच पोरांच्या घोळक्यात. त्यांची मल्याळम, ह्याची लातुरी. काय खेळत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ह्याच्यावर राज्य आलेलं लांबूनच दिसत होतं. धापा टाकत एकामागून एक पळत होता, कुणी हाती लागत नव्हतं, सगळी हसत होती, आणि हाही हसत होता. परतीच्या होडीत बसताना रडला. प्रवासभरात त्याचं तेवढंच रडणं. मी म्हटलं, उन्हाने असेल.

रात्री थोरलीच्या केसांना तेल लावताना विषय काढला. "कच्चं लिंबू कुणी केलं मला?"

ती गप्प. मग म्हणाली, "त्यानेच. पहिल्या दिवशी."

"का?"

"म्हणाला, आईवर राज्य आलं तर ती परत रडेल."

परत.

म्हणजे कठड्याशी उभी होते तेव्हा हा मागे होता. मला वाटलं होतं, वाऱ्याने ओढणी तोंडावर येतेय, कुणाला काय दिसतंय. एवढंसं पोर. गेल्या गणपतीपर्यंत कॉलनीत हाच कच्चं लिंबू होता, त्यावरून घरी येऊन आदळआपट करायचा, जेवायचा नाही. तेच पद मला देऊन मोकळा झाला. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच असेल म्हणा. आणि रीतसर सांभाळलंही, एकदाही चुकून मला पकडलं नाही. राजकोटच्या आजींनी मला विचारलं होतं, "तुमचा मुलगा एवढा काय गंभीर होऊन खेळतो?"

मग हसूच आलं. तेलाचा हात तोंडावर गेला, थोरली ओरडली.

तरी चाळिशीतल्या बाईला पेन्शनीत काढणं मला मान्य नाही. आज सकाळी दुधाचा कप पुढे ठेवून धाकट्याला स्पष्ट सांगितलं, रविवारी मी खेळणार आणि मला खरं राज्य पाहिजे. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग अटी सांगितल्या. शंभरपर्यंत मोजायचं. बोटांच्या फटीतून बघायचं नाही. गुडघा दुखतो म्हणून मध्येच खाली बसायचं नाही. आणि कॉलनीतल्या पोरांसमोर त्याला "बाळा" म्हणायचं नाही.

बाळा सोडायला मी तयार आहे. शंभरचं पन्नास कर म्हणतेय. तो अजून ऐंशीवर अडलाय.